सर्जेरावांच्या लेकीचं डिजिटल

"वैनी, हितं टाईम टाका. साडेपाच. पहाटं साडेपाच, असं ठळक."

सर्जेराव माझ्या खुर्चीमागं उभे होते आणि त्यांचं बोट माझ्या स्क्रीनवर होतं. स्क्रीनला बोट लावलेलं मला खपत नाही. त्यात सर्जेरावांचं पेंड-भुशाचं दुकान. ते जिथं बोट टेकवतात तिथं पिवळा ठिपका उमटतो. त्या दिवशी माझ्या स्क्रीनला गोवर आल्यासारखं झालं होतं.

"टाईम कशाला?" मी म्हटलं. "कार्यक्रम हाय का कुठला? साधा अभिनंदनाचा बोर्ड हाय न्हवं?"

"कष्ट दिसलं पायजेत की वैनी! निस्तं 'निवड झाली' म्हटलं की लोकं म्हणत्यात, वशिला लावला आसंल. पोरगी पहाटं साडेपाचला एकटी मैदानावर जाती. धुकं असू दे, पाऊस असू दे. ते कळाय नगं लोकांस्नी?"

त्यांची लेक ऋतुजा. अकरावीला आहे. फुटबॉल खेळते, गोलकीपर. तिची मुलींच्या ज्युनिअर राज्य संघात निवड झाली होती आणि सर्जेरावांचे पाय तेव्हापासून जमिनीला लागत नव्हते. पेढे वाटून झाले होते. आता डिजिटल.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या कोल्हापुरात फ्लेक्सला डिजिटल म्हणतात. प्लास्टिकच्या कापडावर मशीनमधनं मोठं चित्र छापायचं, लाकडी चौकटीवर ठोकायचं आणि चौकात उभं करायचं. आमच्याकडं माणूस जन्मला, पास झाला, निवडून आला, निवडणुकीत पडला, नवी बुलेट घेतली, की डिजिटल लागतं. शर्यतीच्या बैलाचं लागतं. कुत्र्याच्या वाढदिवसाचं मी स्वतः केलंय. त्यात शुभेच्छुक म्हणून गल्लीतली बाकीची कुत्री होती. डिझाईन मी करते, मशीन आमचे हे बघतात. ह्यांचं बोलणं कमी आणि मशीनचा आवाज मोठा, त्यामुळं संसार सुखाचा चाललाय.

तर सर्जेराव. पहिली अडचण फोटोची आली.

लोक व्हॉट्सअ‍ॅपवरनं आलेला बोटभर फोटो देतात आणि म्हणतात, दहा फूट करा. तो फुटतो. फुटतो म्हणजे नाकाच्या जागी चौकोन दिसायला लागतात. मी सर्जेरावांना म्हटलं, पोरीचा मोठा, चांगला फोटो द्या.

"चांगलं फोटू तिच्या इन्स्टावर हायत," सर्जेराव म्हणाले. "पर ते कुलूप लावून ठेवलंय तिनं."

"मग तुमी बघा की तुमच्या मोबाईलवरनं."

सर्जेरावांनी मोबाईल काढला आणि माझ्यासमोर धरला. लेकीचं अकाउंट. नावाच्या जागी भलतंच काहीतरी, फोटोच्या जागी नुसते गोलकीपरचे हातमोजे. खाली लिहिलेलं, रिक्वेस्टेड.

"वरीस झालं," सर्जेराव म्हणाले. "वरीस झालं, दारात हुबा हाय. बाप हाय मी वैनी! आत घेतलं न्हाय."

मला हसू आवरेना. आत मशीनपाशी आमचे हेसुद्धा हसले, तेव्हा मशीन बंद होतं हे मला कळलं.

शेवटी त्यांनी चुलत भावानं काढलेला एक फोटो दिला. ऋतुजा कॉलेजच्या ड्रेसमध्ये, हातात करंडक, गळ्यात ओळखपत्र. फोटो इतका स्वच्छ की ओळखपत्रावरची अक्षरं वाचता येत होती. धंद्याच्या हिशोबानं एक नंबर फोटो. मी खूश झाले.

मग मजकूर. सर्जेराव सांगत गेले, मी टाइप करत गेले. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. जन्मतारीख. कॉलेज, इयत्ता, तुकडी. गल्लीचं नाव. मैदानाचं नाव. आणि कष्टाची ओळ. ती त्यांना नीट जुळवता येईना म्हणून मीच जुळवून दिली: "धुकं असो वा पाऊस, पहाटे साडेपाचला एकटीच मैदानावर!" पिवळी अक्षरं, भोवती लाल चमक. सर्जेरावांना ती एवढी आवडली की ती वाचून त्यांनी डोळे पुसले.

"आणि खाली तिचा मोबाईल नंबर," ते म्हणाले.

"तिचा कशाला?"

"शुभेच्छा कुणाला देणार लोकं? मला? मी खेळतोय व्हय?"

यात तेव्हा मला फक्त एकच गोष्ट खटकली. मजकूर फार होतोय. डिजिटल गाडीवरनं जाता जाता वाचायचं असतं, थांबून अभ्यास करायचा नसतो. शिवाय खाली शुभेच्छुकांचे फोटो बसवायचे होते, आणि तिथं वेगळीच लढाई. नेसरीचे मामा म्हणत होते, भाचीच्या डिजिटलवर मामाचा फोटो चुलत्यापेक्षा मोठा पाहिजे. चुलते म्हणत होते, आडनाव कुणाचं लागतंय? सर्जेराव दोघांना फोनवर शांत करत होते आणि मधेमधे माझ्या स्क्रीनवर ठिपके देत होते.

"संध्याकाळपातूर प्रूफ पाठवते," मी म्हटलं आणि त्यांना वाटेला लावलं.

प्रूफ म्हणजे छापायच्या आधी गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर पाठवायचं कच्चं चित्र. त्यांनी बघायचं, चुका सांगायच्या, मग ओके म्हणायचं. ओके आलं की मशीन सुरू. मग आत्याबाईंचा फोटो राहिला म्हणून कुणी रडत आलं तरी ऐकून घेतलं जात नाही.

दुपारी दारात सायकल लागली. ऋतुजा. अंगानं उंच, आवाज बारीक. "काकू, पप्पांनी माझं डिजिटल दिलंय ना? बघू?"

मी हौसेनं स्क्रीन तिच्याकडं वळवली. पोरगी लाजेल, खूश होईल, असं मला वाटलं होतं. तिनं वरपासनं खालपर्यंत वाचलं. परत एकदा वाचलं. मग म्हणाली, "काकू, ह्यात आमच्या घराची किल्ली कुठं ठेवतात तेवढंच राहिलंय."

मी मान वळवून स्क्रीनकडं बघितलं. आणि आई शप्पथ सांगते, ते सगळं मी स्वतः टाइप केलेलं असून पहिल्यांदा वाचल्यासारखं वाचलं. कोण मुलगी, दिसते कशी, राहते कुठं, शिकते कुठं, आणि अंधारात एकटी कधी आणि कुठं सापडते. खाली नंबर. एवढं सगळं एका नजरेत बसावं म्हणून मी दीड तास खपले होते.

"अगं बया," एवढंच मी म्हणाले.

"मी इन्स्टावर नावसुद्धा टाकत नाही," ऋतुजा म्हणाली. "मैदानावरचा फोटो मैदानावरनं कधी टाकत नाही, घरी आल्यावर टाकते. कॉलेजचं नाव दिसत असलं तर झाकते. ओळखीच्या पोरी सोडल्या तर कुणाला आत घेत नाही."

"पप्पांना पण नाही म्हणे."

"पप्पा कमेंटमध्ये पत्ता लिहितील काकू."

लिहितील. सर्जेरावांना मी ओळखते.

मग ती टेबलासमोरच्या स्टुलावर बसली आणि खरं काय ते बोलली. तिच्या टीममध्ये एक मुलगी होती, पुढं खेळणारी, तिच्यापेक्षा सरस. कुणीतरी तिचा फोटो उचलला, तिच्या नावानं खोटं अकाउंट काढलं आणि त्यावर घाण लिहिली. कोणी केलं ते कधी कळलंच नाही. घरच्यांनी शोधलंही नाही. त्यांनी सोपं काम केलं. पोरीचा खेळ बंद केला.

"फोटो दुसऱ्यानं चोरला आणि मैदान तिचं बंद झालं," ऋतुजा म्हणाली. "माझं पण तसंच होणार. ह्या नंबरवर एक जरी वाकडा फोन आला, तर पप्पा म्हणणार, बास झालं, घरात बस. पुढच्या महिन्यात कॅम्प आहे काकू. मी लहानपणापासनं ह्यासाठी मरमर मरतेय."

"मग पप्पांना सांग की सरळ."

"सांगितलं. म्हणाले, चांगल्या कामात लाजायचं काय?"

आता माझी पंचाईत. ऑर्डर सर्जेरावांची. गिऱ्हाइकाचा मजकूर परस्पर बदलायचा नाही, हा धंद्याचा पहिला नियम. तो मोडला तर उद्या कुणी विश्वास ठेवणार नाही. पण पोरगी डोळ्यांत पाणी आणून बसलेली. मी तिच्यासमोरच सर्जेरावांना फोन लावला.

"सर्जेराव, ती साडेपाचची ओळ काढूया का? मजकूर लई होतोय. आणि पोरीचा टाईम असा चौकात लावणं बरं न्हाय."

"वैनी, तीच तर मेन ओळ हाय! तीच काढली तर ऱ्हायलं काय? तुमी डिझाईन करतासा का वकिली?"

फोन ठेवला. मग मी माझ्या हातात होतं तेवढं केलं. ऋतुजाचा नंबर खोडला आणि तिथं सर्जेरावांचा टाकला.

"डिजिटलवर नंबर ते लावणाऱ्याचाच असतो," मी तिला म्हटलं. "आमच्या दुकानाचा नियम आहे."

"असा नियम आहे?"

"आत्ता झाला."

बाकीच्यासाठी, प्रूफ बघून सर्जेराव दुकानात येतील तेव्हा समोरासमोर भांडू, असा माझा विचार होता. छापल्याशिवाय काय होतंय? मशीन तर माझ्याच ताब्यात आहे. संध्याकाळी मी प्रूफ पाठवून दिलं.

इथंच घोटाळा झाला. आमच्याकडं प्रूफ एकटा माणूस कधी बघत नाही. सर्जेरावांनी ते भावकीच्या ग्रुपवर टाकलं, "सर्वांनी आपापले फोटो तपासून घ्यावेत." भावकीनं तपासले. कुणाला आपलं पोट मोठं दिसत होतं, कुणाला आपल्या शेजारी नको तो माणूस दिसत होता. नंबर कुणाचा आहे, ते एकाही माणसानं बघितलं नाही. सर्जेरावांनीसुद्धा. आणि नेसरीच्या मामांनी बघितलं की आपला फोटो चुलत्यापेक्षा टिचभर मोठा आहे. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी ते प्रूफ लगेच स्टेटसला लावलं.

मामांचा जुने ट्रॅक्टर घेण्या-विकण्याचा धंदा आहे. त्यांच्या मोबाईलमध्ये अख्ख्या मुलखाचे नंबर. चौकात चौकटीसाठी खड्डा खणायच्या आधीच डिजिटल गगनबावड्यापर्यंत जाऊन पोचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर्जेराव दुकानात शिरले ते घामाघूम. मोबाईल टेबलावर आपटला. "वैनी, माझा नंबर टाकलासा व्हय तुमी?"

"टाकला. ओरडायचं असलं तर ओरडा."

"वाचा हे."

मी वाचलं. त्यांच्या दुकानाच्या नंबरवर सकाळपासनं कुणीतरी अनोळखी माणूस मेसेज करत होता. आणि सर्जेराव, गिऱ्हाईक असेल म्हणून, पोती चढवून घेता घेता उत्तरं देत होते.

"हाय."

"बोला पावणं."

"काय करतेस?"

"दुकानात हाय."

"एकटीच आहेस?"

"न्हाय, हमाल हायत. लोडिंग चालू हाय."

"फोटोत लय गोड दिसतेस. मैत्री करशील?"

"सरकी पायजे का गोळी पेंड?"

"लाजतेस काय? आवाज ऐकायचाय तुझा."

यावर सर्जेरावांनी आजच्या दराच्या पाटीचा फोटो पाठवला होता.

मी खुर्चीवर आडवी व्हायची राहिले. आमचे हे मशीन सोडून बाहेर आले, त्यांनी वाचलं आणि तसेच आत पळाले. सर्जेराव मात्र हसत नव्हते. "खाली वाचा," ते म्हणाले. "फुडं वाचा की!"

मी खाली सरकवलं. शेवटचा मेसेज होता, "उद्या पहाटे साडेपाचला मैदानावर येतो. धुकं असलं तरी येतेस ना? एकटीच?"

मी मोबाईल जवळ धरून ती ओळ परत वाचली. धुकं, साडेपाच, एकटीच. ते माझे शब्द होते. मीच जुळवलेले, मीच त्यांना लाल चमक दिलेली.

"ह्याला मी जित्ता सोडत न्हाय," सर्जेराव म्हणाले. मग एकदम स्टुलावर बसले. चेहरा पांढरा पडला होता. "हा मेसेज तिच्या मोबाईलवर गेला असता तर? तिनं मला सांगिटलं असतं का, वैनी? न्हाई सांगिटलं असतं. एवढीशी हाय ओ ती." मग म्हणाले, "बास झालं. उद्यापास्नं मैदान बंद. कॅम्प बी न्हाय आन् काय बी न्हाय. घरात बसंल गप."

पोरीनं सांगितलेलं एक अक्षर इकडचं तिकडं झालं नाही. आणि माझं डोकं फिरलं.

"सर्जेराव, तुमच्या दुकानात चोर शिरला तर चोराला धरतासा का दुकान कायमचं बंद करतासा?"

"वैनी, पोरीची जात हाय..."

"पोरीची जात, म्हणून तिनं बापाला वरीसभर दारात हुबं केलं! इतकी जपून ऱ्हाती ती! तिनं काय उघडं ठेवलं न्हवतं. उघडं कुणी केलं? तुमी सांगिटलं, मी लिवलं, मामांनी गावभर दाखवलं. चुका तिघांच्या आन् घरात कोण बसणार? ऋतुजा! वा रं न्याय!"

मी एवढ्या जोरात बोलले की रस्त्यावरनं जाणारा एक माणूस आत डोकावून गेला. सर्जेरावांनी माझ्या हातातनं मोबाईल घेतला. मग लेकीला फोन लावला.

ऋतुजा आली. बापाचा मोबाईल घेतला, वाचला. "लोडिंग चालू हाय" पाशी तिचा खांदा हलला, पण तिनं स्वतःला सावरलं. शेवटचा मेसेज वाचला तेव्हा मात्र तिचे ओठ घट्ट मिटले. क्षणभर मला वाटलं, आता रडेल. रडली नाही. भराभर कामाला लागली. सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढले. "काही डिलीट करायचं नाही. रिप्लाय द्यायचा नाही. दर तर अजिबात पाठवायचे नाहीत. मामांना स्टेटस काढायला सांगा. ग्रुपवरचं प्रूफ पण काढा आणि ज्यांनी पुढं पाठवलंय त्यांना विचारा. मग पोलिसांत जाऊ."

सर्जेरावांनी मामांना फोन लावला. स्पीकरवर मामांचा आवाज दुकानभर घुमला. "काढू? आता कुठं लोकं बगाय लागल्यात की दाजी! कालपास्नं निस्ता फोन चालू हाय, फोटो लई भारी आलाय म्हणून!"

"काडतोस का येऊ नेसरीला?" सर्जेराव गरजले. स्टेटस गेलं.

मग ऋतुजा म्हणाली, "पप्पा, उद्या मी मैदानावर जाणार आहे."

"न्हाय जायाचं. त्यो तिथं यील."

"मेसेज कुणाला आलेत?"

"कुणाला म्हंजे?"

"नंबर तुमचा. बोलणं तुमच्याशी झालंय. गोड तुमाला म्हणालाय तो. मग तुमी घरात बसा. उद्यापास्नं दुकान बंद."

सर्जेरावांनी तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी स्क्रीनवरचे पिवळे ठिपके पुसायला लागले.

"दुकान का म्हणून बंद ठेवू?" शेवटी ते म्हणाले. "मी काय केलंय?"

"मी तरी काय केलंय?"

सर्जेरावांनी टोपी डोक्यावर चढवली. मग उठले आणि म्हणाले, "चल, पोलिसांत जाऊ. उद्या मी येतो तुझ्याबर."

मीही गेले बरोबर. प्रूफ माझं होतं, जाणं भाग होतं. तिथल्या मॅडमनी सगळं बोलणं चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता वाचलं. दराची पाटी आल्यावर थांबल्या. "गोळी पेंड एवढी महागली?" म्हणाल्या. त्यांच्या घरी म्हशी असाव्यात. मग त्यांनी प्रूफ मोठं करून बघितलं आणि चेहरा बदलला.

"अठराच्या आतली मुलगी. तिची एवढी माहिती? हे कुणी लिहिलं?"

सर्जेरावांनी माझ्याकडं बघितलं. मी सर्जेरावांकडं बघितलं. ऋतुजा छताकडं बघत होती.

चार दिवसांत माणूस सापडला. तोवर रोज पहाटे सर्जेराव मैदानावर जात होते आणि साध्या कपड्यातला एक पोलीसही असायचा. पण तो माणूस तिकडं फिरकलाच नाही. चांगला लग्न झालेला बाप्या. मामांनी कधीतरी ट्रॅक्टर विकलेल्या माणसाचा दोस्त. त्यानं मैदान आयुष्यात बघितलं नव्हतं, कोल्हापुरात त्याचं येणंसुद्धा कमी. पोरीबद्दल त्याला जे जे माहीत होतं, ते सगळं माझ्या फाईलमधलं होतं. त्याच्यावर कारवाई झाली, आणि असे मेसेज आणखी मुलींना गेल्याचं त्याच्या मोबाईलमध्ये निघालं. मॅडमनी त्याला विचारलं म्हणे, "अरे शहाण्या, सरकी पेंडीचे दर आले तरी तुला कळलं नाही?" तर म्हणाला, "वाटलं, पोरगी विषय बदलतीया."

पहिल्या पहाटेनंतर सर्जेराव थेट दुकानात आले होते. मी शटर वर करत होते. चपलांना चिखल, डोळे लाल.

"वैनी, तुमी बगितलंय का कदी तिला खेळताना?"

"न्हाय."

"मी बी न्हवतं बगितलं." ते पायरीवर बसले. "बारा गावास्नी सांगत हिंडलो, पोरगी कष्ट करती, कष्ट करती. बगाय मातूर एकदा गेलो न्हाय. काय उडी मारती ओ! खाली निस्ता चिखल, तरी बी मारती. उठती, परत मारती. मला म्हणाली, पप्पा, तुमी बॉल मारा. मी मारला. अडवला की तिनं! बापाचा बॉल!" आणि त्यांना रडू आलं, आणि रडता रडता ते हसले.

मग त्यांनी एक फोटो दाखवला. गोलच्या मागनं काढलेला. जाळीच्या आतनं ऋतुजा पाठमोरी, हवेत आडवी, हातमोजे बॉलला टेकलेले. चेहरा दिसत नव्हता. मैदान कुठलं ते कळत नव्हतं.

"हा पाठवा," मी म्हटलं. "आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता पाठवला तर फुटतो."

माणूस सापडल्यावर डिजिटलचं परत काम काढलं. या वेळी प्रूफ मोबाईलवर गेलं नाही. ऋतुजा दुकानात येऊन बसली आणि तिनं स्क्रीनवर, बोट न लावता, तपासलं. पाठमोरा फोटो. वर, "राज्य संघात निवड! आमच्या गोलकीपरचं हार्दिक अभिनंदन!" साडेपाच गेलं, कॉलेज गेलं, जन्मतारीख गेली.

"नाव?" सर्जेराव कळवळून म्हणाले. "नाव न्हाय, त्वांड न्हाय, मग पोरगी कुणाची हे कसं कळायचं?"

"खाली तुमचा फोटो आहे की पप्पा," ऋतुजा म्हणाली. "हवा तेवढा मोठा करा."

झाला मोठा. मामांचा आणि चुलत्यांचा एकसारखा केला, मी स्वतः पट्टी लावून. नंबर सर्जेरावांचा. डिजिटल चौकात उभं राहिलं. त्याच्यावर दाढीमिशांसकट सगळी भावकी ओळखू येत होती, आणि जिचं कौतुक होतं ती एकटीच ओळखू येत नव्हती. तरी चौकातल्या एका माणसानंही विचारलं नाही की ही कोण. ज्यांना माहीत असायला पाहिजे होतं, त्यांना आधीपासनंच माहीत होतं. सर्जेरावांना शुभेच्छांचे फोन आले आणि त्याबरोबर पेंडीच्या ऑर्डरीही आल्या.

ऋतुजा कॅम्पला गेली. आमच्या दुकानात मात्र तेव्हापासनं एक प्रश्न वाढलाय. लहान पोरांचं डिजिटल आलं की मी विचारते, "ज्याचा फोटो हाय त्याला इचारलंय का?" पावणं चिडतात. म्हणतात, आमच्या पोराला आमी काय इचारायचं? मग मी त्यांना सरकी पेंडीची गोष्ट सांगते. हसून झाल्यावर बहुतेकजण घरी फोन लावतात.

परवा सर्जेराव आले ते नाचतच. मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "वैनी! घेतलं! आत घेतलं मला पोरीनं!"

खरंच घेतलं होतं. कॅम्पवरनं तिनं बापाची रिक्वेस्ट स्वीकारली होती. वर्षभर दारात उभा राहिलेला माणूस आत जाऊन एकेक फोटो बघत होता आणि मला दाखवत होता. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना चहा पाजला.

संध्याकाळी ते परत आले, पडलेल्या चेहऱ्यानं.

"काय झालं?"

"भाईर काढलं."

"का?"

"काय न्हाय ओ. कॅम्पच्या फोटूखाली एक कमेंट टाकलीती."

"काय टाकलीत?"

सर्जेरावांनी इकडं तिकडं बघितलं आणि हळू आवाजात सांगितलं. "बाळ ऋतुजा, जेवलीस का? खोली कितवी हाय ते कळव, मामा डबा घेऊन येत्यात."